सूर्योदयासाठी लळिंग की अस्तंबा?

आमच्या फिरस्ती मंडळात पहिल्याच रात्रीच्या चढाईवरून दोन तट पडलेत, म्हणून दोन्हींचं सरळ मांडतो.

लळिंग हा किल्ला धुळ्यापासून दहाएक किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गालगत. चढ तासाभराचा. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास वर येतो, म्हणजे पाचला पायथा सोडला तरी चालतं. खर्च पेट्रोलचा. सुटे दगड मात्र बॅटरीच्या उजेडात दिसत नाहीत, पायाखाली सरकले की कळतात. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या या किल्ल्यावर पाण्याची टाकी आहेत, तरी पिण्याचं पाणी घरूनच न्या.

अस्तंबा वेगळंच प्रकरण आहे. सातपुड्यातलं हे शिखर सुमारे 1325 मीटर उंच, अश्वत्थाम्याचं ठिकाण. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याकडून यात्रेकरू रात्रभर चालतात, तेव्हा वाट माणसांनी भरलेली असते. एरवी वाटाड्याशिवाय रात्री जाऊ नये, हे मी ठासून सांगतो. गाडीभाडं, वाटाड्याची मजुरी, शिवाय दुसरा दिवस थकव्यातच जातो. पण वरची थंडी आणि एकामागून एक उजळत जाणाऱ्या सातपुड्याच्या रांगा लळिंगवर मिळत नाहीत.

नवखे, मुलंबाळं, सोमवारी कामावर जाणारे यांनी लळिंग धरावं. गुडघे शाबूत आणि दोन दिवस मोकळे असतील, त्यांनी यात्रेतच अस्तंबा करावं.