क्रॉसचा दगड घ्यायचाय: स्टॉरोलाइट की किॲस्टोलाइट?

दोन्ही दगडांवर निसर्गाने क्रॉस काढलेला असतो, पण काढण्याची तऱ्हा वेगळी. निवड करताना हा फरक ध्यानात ठेवला तर पैसे वाया जात नाहीत.

स्टॉरोलाइटमध्ये दगडाचा आकारच क्रॉसचा. दोन स्फटिक वाढताना एकमेकांत घुसतात. ९० अंशांत घुसले तर अधिकची खूण, ६० अंशांत घुसले तर तिरकी फुली. फुल्या जास्त सापडतात, म्हणून विक्रेते अधिकच्या खुणेला भाव चढवून मागतात. किॲस्टोलाइट बाहेरून पाहिला तर नुसती करडी-तपकिरी कांडी. क्रॉस आत असतो: अँडालुसाइट (किॲस्टोलाइट हा याच खनिजाचा प्रकार) वाढताना कार्बनचे काळे कण ठरावीक रेषांत अडकतात आणि कांडी आडवी कापली की फुली दिसते. त्यामुळे इथे कापणे आणि घासणे ओघाने आलेच. स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेलाला जाणारे यात्रेकरू अशाच चकत्या ताईत म्हणून घेत.

स्वतः वेचण्याची हौस असेल तर स्टॉरोलाइटच. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या पॅट्रिक काउंटीत १९३६ साली खुले झालेले फेअरी स्टोन स्टेट पार्क याच दगडावरून ओळखले जाते. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले-शार्लटकडच्या मराठी मंडळींना ते एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. तिथे घरी ठेवण्यापुरते वेचता येतात, विकण्यासाठी नाही. निघण्याआधी पार्कचे चालू नियम वाचा. पावसानंतर माती धुऊन गेली की दगड उघडे पडतात. फ्रान्सच्या ब्रिटनीत आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पातही ते मिळतात. कोलाचे तर तळहाताएवढेही असतात.

आपल्या सह्याद्रीत मात्र शोधू नका. या दोन्ही खनिजांना चिखलाचा खडक उष्णतेने, दाबाने बदलावा लागतो आणि आपल्याकडे पसरलाय तो बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक. त्याच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या जळगाव-नाशिककडच्या झिओलाइट स्फटिकांवर आपण खूश असावे!

खरेदीत धोका स्टॉरोलाइटचाच मोठा. अगदी नेटके, चारही बाजू सारख्या, गुळगुळीत आणि एकाच मापाचे दहा क्रॉस एका पेटीत दिसले, की ते कोरलेले किंवा साच्यातले समजा. संगजिऱ्यासारख्या मऊ दगडात तसे करणे फार सोपे. खऱ्या स्फटिकाची एक बाजू आखूड, कडा खरबरीत, कुठेतरी अभ्रक चिकटलेले. चांगला स्टॉरोलाइट काचेवर ओरखडा काढतो (१ ते १०च्या मोह्स मोजपट्टीवर कठीणता ७ ते ७.५), पण या चाचणीवर आंधळा विश्वास नको: व्हर्जिनियाचे बरेचसे दगड काळाच्या ओघात अभ्रकात बदललेले असतात आणि खरे असूनही मऊ लागतात. किॲस्टोलाइटची खात्री करणे त्यापेक्षा सोपे. चकतीच्या दोन्ही बाजू पाहा. फुली आरपार गेलेली हवी, आणि दोन्हीकडे तिचा आकार थोडा वेगळा असला तर उत्तमच. रंगवलेली फुली फक्त वरच्या थरात असते.

गळ्यात घालायचे असेल तर किॲस्टोलाइट घ्या. चकती सपाट, बसते छान. कपाटात ठेवायचे असेल, तर माझे मत ठाम आहे: ६० अंशांची वाकडी फुली, आणि तीही मूळ अभ्रकी खडकात रुतलेली. अधिकच्या खुणेहून ती बहुधा स्वस्त पडते, आणि खडकासकट असल्याने साच्यातून आल्याची शंका जवळपास उरत नाही. फक्त खडकाला डिंकाचा डाग नाही ना, एवढे भिंगातून पाहून घ्या.