इंजिन बदललेल्या पिकअपचा क्लच: मास्टर बदलायचा, बाहेरचा स्लेव्ह ठेवायचा की आतला बसवायचा?

पिकअपमध्ये दुसरं इंजिन बसतं, सुरूही होतं, आणि रिव्हर्स टाकताना गिअरबॉक्स खरखरतो. अशा वेळी बहुतेक जण आधी नवा स्लेव्ह सिलिंडर मागवतात. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो आणि त्या तेलावर सरकून क्लच सोडवतो तो स्लेव्ह. तो बसवूनही खरखर जात नाही, कारण सुटा भाग बहुधा चांगलाच असतो. मास्टर जुन्या गाडीचा, स्लेव्ह नव्या गिअरबॉक्सचा आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) तिसऱ्याच मॉडेलची, असा हा संसार असतो. त्यात कोण कोणाला कमी पडतंय हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून पर्यायांकडे वळण्याआधी दोन तपासण्या करा. त्यांना पैसे लागत नाहीत.

पहिली इंजिन चालू ठेवून करायची. गाडीच्या पुढे-मागे कोणी नसावं. पेडल पूर्ण दाबा आणि रिव्हर्स टाका. लगेच टाकल्यावर गिअर नीट पडतो, पण पेडल दाबून धरल्यावर थोड्या वेळाने गाडी सरकू लागते, असं असेल तर मास्टरचं सील आतल्या आत तेल सोडतंय. दोन-तीनदा पंप केल्यावरच गिअर पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. पंप करूनही फरक नाही, तर एक तर रिलीज बेअरिंग (प्रेशर प्लेटवर दाबून क्लच सोडवणारं) पुरेसं सरकत नाही, नाहीतर दोष हायड्रॉलिकमध्ये नाहीच: पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या टोकाला आधार देणारं) अडकून धरतंय किंवा क्लच प्लेट उलटी बसली आहे.

दुसरी तपासणी फायरवॉलची, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याची. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात मास्टरकडे बघायचं. मुळात लिंकेजवर (दांड्यांच्या जोडणीवर) चालणाऱ्या जुन्या पिकअपचा पत्रा हायड्रॉलिक मास्टरचा जोर सोसायला बनवलेलाच नसतो. मास्टर बुडासकट ३ मिमी पुढे येताना दिसला, तर ३० मिमीच्या स्ट्रोकमधला दहावा हिस्सा पत्रा वाकवण्यातच गेला. मागून जाड प्लेट लावली की एवढ्यावरच काही गाड्यांचं दुखणं संपतं.

फक्त मास्टर बदलणं

मोजमापात थोडंच कमी पडत असेल तर सगळ्यात कमी मेहनतीचा मार्ग हाच. पेडलचं गुणोत्तर ६:१ आणि पायाचा प्रवास १८० मिमी धरला, तर पुशरॉड ३० मिमी आत जातो. मास्टरचा बोअर (आतला व्यास) १५.९ मिमी असेल तर त्यातून सुमारे ६ घन सेंमी तेल जातं, १९ मिमी असेल तर साडेआठ. समोर बाहेरून बसणारा २२.२ मिमीचा स्लेव्ह आहे असं समजा. पहिल्या मास्टरवर त्याचा दांडा १५ मिमी सरकेल, दुसऱ्यावर २२. फोर्क (बेअरिंग ढकलणारा काटा) हे अंतर निम्मं करत असेल तर रिलीज बेअरिंगच्या वाट्याला साडेसात किंवा ११ मिमी येतात. प्रेशर प्लेटला सुटायला ८ ते १० मिमी हवे असतील, तर पहिल्या जोडीवर रिव्हर्स खरखरणारच, स्लेव्ह कितीही नवा असो.

मोठ्या बोअरची किंमत पाय मोजतो. १५.९ वरून १९ वर गेलात की पेडल सुमारे ४४ टक्के जड होतं. आणि कमी पडतंय म्हणून थेट २२ मिमीचा मास्टर लावणं हा आततायीपणा आहे. गरजेपेक्षा जास्त तेल गेलं तर बेअरिंग डायफ्रॅमच्या, म्हणजे प्रेशर प्लेटमधल्या स्प्रिंगच्या बोटांना हद्दीपलीकडे दाबतं आणि आतल्या स्लेव्हचं सील जागा सोडतं. मास्टर मोठा केला की पेडलखाली स्टॉपर लावायलाच हवा. पुशरॉडला १ मिमीच्या आसपास मोकळीकही ठेवा. ती नसेल तर तेल टाकीत परत जाण्याचं छिद्र उघडत नाही, गरम झालेलं तेल दाब धरून ठेवतं आणि क्लच घसरू लागतो.

बाहेरचा स्लेव्ह की आतला?

खरा पेच इथे आहे. टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) बाहेर असतो आणि फोर्क ढकलतो. जुन्या फोर्ड रेंजरसारख्यांत तो आत, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती बसतो आणि बेअरिंग त्याच्याच तोंडावर असतं.

बाहेरच्याचा मोठा गुण म्हणजे तो हाताला लागतो. गळला तर गाडीखाली जाऊन दोन बोल्ट सोडायचे, बस. बोअर बदलून प्रवास कमी-जास्त करता येतो, दांड्याची लांबी बदलता येते, दांडा किती सरकतो तेही पट्टी लावून मोजता येतं. इंजिन बदललेल्या गाडीत पहिल्या फटक्यात काही जुळत नाही, तेव्हा ही सोय फार मोलाची. अडचण येते ती जागेची. व्ही-८ बसवलं की सायलेन्सरचा पाइप नेमका तिथूनच जायला बघतो. डॉट ३ दर्जाचं क्लचचं तेल कोरडं असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर १४० लाच. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. पाइप जवळ असेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा आणि वेणीदार स्टीलची लाइन घाला. शिवाय घरी बनवलेला ब्रॅकेट लवचिक निघाला तर फायरवॉलचंच दुखणं खाली सुरू होतं.

आतला स्लेव्ह दिसायला सुबक. फोर्क नाही, ब्रॅकेट नाही, कोन जुळवायचा नाही, पाइपची आडकाठी नाही. पण सील गेलं की गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तोवर तेलाने क्लच प्लेट भिजली असेल तर तीही गेली. त्यात रेंजरचा मास्टर तिरका बसतो. हवा वरच्या कोपऱ्यात अडकून राहते आणि नेहमीच्या ब्लीडिंगने निघत नाही. मास्टर फायरवॉलवरून सोडवून, तेलाची लाइन जोडलेली ठेवून हातात तिरका-सरळ करावा लागतो, किंवा खालच्या निपलमधून तेल वर ढकलावं लागतं.

आतला घ्यायचाच असेल तर गिअरबॉक्स चढवण्याआधी अंतर मोजा. बेल हाउसिंग इंजिनला आवळा आणि तिच्या मागच्या तोंडापासून डायफ्रॅमच्या बोटांपर्यंतची खोली घ्या. मग बेअरिंग पूर्ण आत दाबून ते गिअरबॉक्सच्या बसणीच्या पृष्ठापासून किती पुढे येतं ते घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे मोकळीक. वेगळ्या घेतलेल्या बेअरिंगला बहुधा ४ ते ५ मिमी लागते. पाकिटातल्या कागदावर वेगळं दिलं असेल तर तोच आकडा पाळा. प्लेट झिजते तशी बोटं बेअरिंगकडे सरकतात, त्यामुळे मोकळीक नसेल तर काही महिन्यांत क्लच घसरतो. कमी-जास्त भरलं तर शिम (पातळ चकत्या) घालायचे. आत स्प्रिंग असलेलं, बोटांना कायम टेकून फिरणारं कंपनीचं बेअरिंग असेल तर हा हिशेब बदलतो. लाइनमध्ये ब्रेकचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. तो थोडा दाब रोखून धरतो आणि बेअरिंग बोटांवर दाबलेलंच राहतं.

माझा कौल बाहेरच्या स्लेव्हला. बेल हाउसिंगला फोर्कची खिडकी असेल आणि पाइपपासून हातभर अंतर मिळत असेल तर दुसरा विचार करू नका, विशेषतः गाडी रोज माल वाहत असेल तर. खिडकीच नसेल तर आतला घ्यावाच लागतो. मग नवाच घ्या आणि ब्लीडिंगची नळी बेल हाउसिंगबाहेर हात पोचेल तिथपर्यंत आणून ठेवा.

उरला लिंकेज किंवा केबलकडे परत जाण्याचा पर्याय. जुन्या शेवरले सी-१० सारख्या गाड्यांतलं झेड-बार लिंकेज साधं आणि टिकाऊ आहे, पण त्याचं एक टोक इंजिनच्या ब्लॉकवर टेकतं. नव्या इंजिनला ती जागा तिथेच मिळेल याचा भरवसा नाही, आणि लिंकेजला फोर्क लागतोच. म्हणजे फोर्क आहे, ब्लॉकवर टेकू मिळतोय आणि पाइप आडवा येत नाही, एवढं जुळलं तरच हा मार्ग. आणि एवढं जुळत असेल तर बाहेरचा स्लेव्हही आरामात बसतो.