कांदा ड्रायरसाठी ‘आर’मधले आरएसएम पॅकेज: फुकट आहे, पण सोळा रन नीट करा

नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नर भागातल्या छोट्या कांदा डिहायड्रेशन युनिटने महागडे सॉफ्टवेअर घेण्याआधी ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणक भाषेतले आरएसएम हे मोफत पॅकेज वापरून पाहावे; मोजक्या चाचण्यांतून (रन) चांगली सेटिंग शोधायला ते मदत करते. समजा घटक तीनच आहेत: ड्रायरचे तापमान (५५ ते ६५ अंश), कापाची जाडी (३ ते ५ मिमी) आणि ट्रेवरचा भर (चौरस मीटरला ४ ते ६ किलो). बीबीडी ही एक कमांड बॉक्स-बेन्केन आराखडा, म्हणजे कोणत्या रनला कोणता घटक किती ठेवायचा याची यादी, मांडून देते. कडांचे (दोन घटक टोकाला, तिसरा मधे) १२ आणि मध्यबिंदूचे (तिन्ही घटक मधे) ४, मिळून १६ रन. प्रत्येक घटकाच्या तिन्ही पातळ्यांच्या (कमी, मधली, जास्त) सगळ्या जोड्या करायच्या तर २७ लागतात. रनचा क्रमही पॅकेजच पिसून देते.

घोळ होतो तो या क्रमातच. ड्रायर ६५ वरून ५५ ला उतरेपर्यंत थांबायचे कोण? ऑपरेटर ५५ चे सगळे रन एकाच दिवशी उरकतो. त्या दिवशी हवा दमट असली तर तिचा परिणाम तापमानाच्या नावावर चढतो, आणि तक्ता बघून ते कुणाला कळतही नाही. तापमान वारंवार बदलणे खरेच जमत नसेल तर स्प्लिट-प्लॉट आराखडा (ज्यात तापमान गटागटाने बदलते) हवा. तो आरएसएममध्ये नाही, ही मोठी उणीव.

एकाच ट्रेतले तीन नमुने मॉइश्चर बॅलन्सवर (ओलावा मोजायचे यंत्र) मोजून त्यांना तीन रन म्हणू नका. त्यातून मोजणीतली तफावत कळते, प्रक्रियेतली नाही. मग त्रुटी खोटी लहान दिसते आणि फालतू घटकही ठळक ठरतात. खरी पुनरावृत्ती म्हणजे ते चार मध्यबिंदू. तेही शेवटी एकगठ्ठा नकोत, मधे मधे हवेत.

पॅकेज रनवरून समीकरण बसवते. निकालात आधी लॅक ऑफ फिट (समीकरण मोजमापांना नीट बसत नाही का, ही चाचणी) बघा, मगच स्टेशनरी पॉइंट (जिथे समीकरणाचा उतार शून्य होतो ती सेटिंग). आयगेनव्हॅल्यूंची (त्या बिंदूभोवतीचा वळ सांगणारे आकडे) चिन्हे मिश्र असतील तर तो खोगीरबिंदू (एका दिशेने शिखर, दुसऱ्या दिशेने तळ) आहे, सर्वोत्तम सेटिंग नव्हे. बरेच जण तोच आकडा उचलून पॅनेलवर लावतात! ओलावा आणि रंग एकत्र साधायचे असतील तर डिझायरेबिलिटी हे वेगळे पॅकेज जोडावे लागते.

सोळाही रनला कांदा एकाच लॉटचा घ्या. उन्हाळ कांद्यावर बसवलेले समीकरण लाल कांद्याला चालत नाही, त्यात पाणी जास्त असते. ठरलेल्या सेटिंगवर तीन बॅच वेगळ्या लॉटच्या कांद्यावर काढा. ओलावा भाकिताच्या पट्ट्याबाहेर गेला तर सेटिंग लाइनवर लावू नका.