तोल सांभाळायला आईला कुठल्या वर्गाला घालावं?

आई ७४ वर्षांची, नेरूळला आमच्याकडे असते. दिवाळीत मोरीबाहेरच्या पायपुसण्यावर तिचा पाय सरकला. खुबा वाचला, पण तेव्हापासून भिंतीला हात लावत चालते. मग आम्ही तिच्यासाठी वर्ग शोधू लागलो.

तिचा कल बागेतल्या हास्यक्लबकडे. फुकट, घराजवळ आणि सगळ्या ओळखीच्या बायका. मी दोन सकाळी बाकावर बसून पाहिलं. निम्मा वेळ बसून प्राणायाम, मग टाळ्या आणि हसणं. उभ्याने काय, तर ताडासन, तेही मिनिटभर. मन मोकळं होतं हे खरं, पण तोल सुधारायचा तर शरीराला तोल सांभाळायची वेळ यावी लागते. 'मी रोज चालते की' हे उत्तरही इथे पुरत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे ज्येष्ठांच्या केंद्रात एक फिजिओ घेते तो वर्ग. दहाजण, प्रत्येकासमोर एक खुर्ची. हात न टेकता उठायचं, चवड्यांवर चालायचं, एका पावलापुढे दुसरं ठेवून थांबायचं. जमलं की पुढच्या वेळी खुर्चीवर फक्त एक बोट. खरी मेख या वाढत्या अवघडपणात आहे. २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसतं, आणि त्यात तोल आणि उठबशीसारख्या रोजच्या हालचालींच्या व्यायामाचा पुरावा सर्वांत भक्कम. 'ताई ची' हा संथ हालचालींचा चिनी व्यायामही चांगला पर्याय, पण आमच्या आसपास शिकवणारं कोणी सापडलं नाही.

तिसरा, घरी येणारा फिजिओ. न्यूझीलंडमध्ये बेतलेला ओटॅगो कार्यक्रम याच धर्तीचा: ताकदीचे आणि तोलाचे १७ व्यायाम, घोट्याला वजन बांधून, आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास, शिवाय चालणं. फिजिओ रोज येत नाही, अधूनमधून येऊन पुढची पायरी देतो. आमच्याकडे आलेल्या पहिल्या गृहस्थांनी मात्र मशीन लावून गुडघे शेकले आणि पैसे घेऊन गेले. म्हणून आधीच विचारा, 'उभं करून काय काय करून घेणार?'

निवड कशी करायची? घड्याळ लावून एक चाचणी घ्यायची: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे, असं समजतात. अशा माणसाला, किंवा वर्षात दोनदा पडलेल्याला, आधी डॉक्टरांना दाखवून घरचा फिजिओच. भोवळ येत असेल तर रक्तदाब आणि झोपेच्या गोळ्याही बघून घ्याव्यात.

आईला अकरा सेकंद लागले. तिला केंद्रातल्या वर्गात घातलं. हास्यक्लब रविवारी, तिच्या हट्टापायी. पायपुसणं मी काढून टाकलंय, ती ते दोनदा परत आणून ठेवते.