गरम तारेचं व्हेंटिलेटर सर्किट : सहा महिने वापरल्यावर

आयसीयूत नर्स म्हणून अकरा वर्षं झाली. सहा महिन्यांपासून आमच्याकडे हे सर्किट (व्हेंटिलेटर आणि पेशंट यांना जोडणाऱ्या नळ्या) आहे, म्हणून लिहितेय.

आधीच्या साध्या सर्किटमध्ये ह्युमिडिफायरची (हवा कोमट आणि ओलसर करणाऱ्या भांड्याची) वाफ वाटेतच थंड व्हायची आणि नळीच्या झोळात पाणी साचायचं. सतत गुडगुड. कधी त्या हेलकाव्यालाच पेशंटचा श्वास समजून मशीन उगाच ट्रिगर व्हायचं, म्हणजे नको असताना श्वास द्यायचं. पण खरी भीती वेगळीच. ते पाणी दिसतं स्वच्छ, पण पेशंटच्याच घशातले जंतू त्यात उतरलेले असतात. एका रात्री कुशीवर वळवण्याआधी मी नळी रिकामी केली नाही. सगळं पाणी ईटी ट्यूबमध्ये (श्वासनलिकेत घातलेल्या नळीत) गेलं, पेशंट खोकून खोकून लालबुंद. चौथ्या दिवशी न्यूमोनिया, कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा जंतू. त्या पाण्यानेच झालं असं कुणी सांगू शकणार नाही. पण नळी माझ्या हातात होती.

या सर्किटमध्ये आत जाणाऱ्या नळीत शेवटपर्यंत तार आहे, त्यामुळे ती जवळपास कोरडी राहते. एसीचा झोत थेट नळीवर आला तर मात्र थेंब धरतात. आम्ही एक बेडच सरकवला. बाहेर येणाऱ्या नळीवर वॉटर ट्रॅप, म्हणजे पाणी जमा करणारा कप, आहे. कप काढला की स्प्रिंगची झडप बंद होते आणि प्रेशर पडत नाही, हे मला फार आवडलं. तोच कप परत बसवताना आटे पटकन धरत नाहीत, ओल्या ग्लोव्हने तर नाहीच. दोनदा लीकचा अलार्म वाजला. कंपनीने हे सुधारायलाच हवं. ट्रॅप नळीच्या सगळ्यात खालच्या टोकाला लटकला पाहिजे, आणि सोबतची क्लिप त्यासाठी तकलादू आहे.

सर्किट ठरावीक दिवसांनी बदलायची गरज नाही. घाण दिसली किंवा बिघडलं तरच बदला. आमच्याकडे काहीजणी अजून दर सोमवारी बदलू पाहतात. जितक्या वेळा जोड उघडाल, तितक्या वेळा जंतूंना वाट मिळते.

बाकी कामं तीच. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर, कफ प्रेशर (ईटी ट्यूबच्या टोकाजवळच्या फुग्यातला दाब) 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतकं, ह्युमिडिफायरमध्ये फक्त स्टराइल वॉटर, नळीला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ.

घेणार असाल तर सुटे कप आधीच मागवा. आमचे दोन तडकले आणि नवे यायला तीन आठवडे लागले.