आर्बिट्रेशनसाठी पेड कन्सल्टेशन: ४ स्टार, एक का कापला ते खाली

भागीदारीच्या भांडणात एका वकील मॅडमचं पेड कन्सल्टेशन घेतलं, नाव टाकत नाही. आमच्या पार्टनरशिप डीडमध्ये लवादाचं कलम आहे, म्हणजे भांडण कोर्टाऐवजी आर्बिट्रेशनला न्यायचं, तरी एका पार्टनरने सरळ कोर्टात दावा ठोकला आणि आमच्या जोडीला गोडाऊन विकत घेणाऱ्यालाही प्रतिवादी केलं, ज्याची डीडवर सहीच नाही. डीड दाखवली की कोर्ट सगळ्यांना आर्बिट्रेशनला पाठवणारच असं घरातले सगळे छातीठोक सांगत होते.

मॅडमनी आधी कोऱ्या कागदावर सगळ्यांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे कुठल्या कागदावर सही आहे ते मांडलं, खरेदीदारापुढची जागा रिकामी. म्हणाल्या घोडं इथेच अडलंय. २००३ च्या सुकन्या होल्डिंग्जच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एकाच दाव्याचे तुकडे करून थोडा लवादाकडे थोडा कोर्टात असं करता येत नाही, काही पक्षकारांपुरतंही नाही.

मग आर्बिट्रेशन कायद्यात २०१५ ची दुरुस्ती आली, कलम ८ मध्ये पक्षकाराच्या मार्फत हक्क सांगणाराही लवादाकडे पाठवा असा अर्ज करू शकतो आणि लवादाचा वैध करार नाहीच असं प्रथमदर्शनी दिसलं नाही तर कोर्टाने पाठवायचंच. २०१८ ला अमित लालचंद शाह केसमध्ये झाशीकडच्या सोलर प्लांटचे चार करार होते, एकात लवादाचं कलमच नव्हतं, पण सगळे एकाच प्रोजेक्टचे म्हणून सगळ्यांनाच पाठवलं. हे ऐकून आम्ही खूश, तर लगेच २०२३ चा पाच न्यायाधीशांचा कॉक्स अँड किंग्जचा निकाल काढला. सही नसलेल्यालाही ओढता येतं, पण करार ठरवण्यात किंवा पाळण्यात त्याचा खरोखर हात असेल आणि बांधून घ्यायचा इरादा दिसत असेल तरच, नुसती एकाच ग्रुपची कंपनी असून भागत नाही. आमच्या खरेदीदाराला डीडमध्ये काय लिहिलंय ते पण माहीत नसणार! तोंडावर सांगितलं, अवघड आहे. बाकीचे वकील अर्ज टाकून बघू म्हणत फी घेतात, म्हणून हे आवडलं.

दुसरा रस्ता सीपीसीचं (दिवाणी प्रक्रिया संहितेचं) कलम ८९, पण २०१० च्या अ‍ॅफकॉन्स निकालानुसार त्यातून आर्बिट्रेशनला जायला सगळ्या पक्षकारांची संमती लागते आणि एकदा गेलं की केस कोर्टातून कायमची बाहेर. मिडिएशनला (मध्यस्थीला) मात्र कोर्ट संमती नसतानाही पाठवू शकतं. दावा ठोकणारा पार्टनर कसली संमती देतोय!

सगळ्यात कामाची गोष्ट जाता जाता सांगितली. कलम ८ चा अर्ज करायचाच तर कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायच्या आधी किंवा फार तर सोबत, नंतर नाही. आणि डीडची मूळ प्रत किंवा सर्टिफाइड कॉपी जोडावी लागते, आमची मूळ प्रत नेमकी त्याच पार्टनरच्या कपाटात, तर त्यावरही सोय आहे, साधी कॉपी लावून त्याला मूळ हजर करायला सांगा अशी कोर्टाला विनंती करता येते.

आता स्टार का कापला. लवादाची फी वेगळी पडते हे आम्ही विचारल्यावर कळलं, आर्बिट्रेशन कायद्याच्या चौथ्या शेड्यूलमध्ये मॉडेल फी ५ लाखांपर्यंतच्या क्लेमला ४५,००० आहे, वरचं टक्क्याने वाढतं, हे आधी बोलायला हवं होतं. शिवाय ऑफिसमधला मुलगा तेच पीडीएफ परत परत मागतो, सगळं एकाच मेलमध्ये पाठवा.