पिकार्ड की बीट्स: गाण्यांचे टॅग कोणाच्या हाती द्यावेत?

पिकार्ड आणि बीट्स हे दोन्ही प्रोग्राम गाण्यांच्या फाइलींत टॅग (गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम वगैरे माहिती) भरतात. ती माहिती दोन्ही म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या खुल्या डेटाबेसवरूनच आणतात, त्यामुळे अचूकतेच्या नावाखाली भांडण्यात अर्थ नाही. खरा फरक असा, की पिकार्ड गाणं धरून चालतं आणि बीट्स फोल्डर.

पिकार्डमध्ये फाइली टाकून थेट 'स्कॅन' दाबलं, की ते एकेका गाण्याचा ध्वनिठसा अकूस्टआयडी या ध्वनिठशांच्या डेटाबेसवर शोधतं. गाणं बरोबर ओळखलं जातं, पण तेच रेकॉर्डिंग मूळ अल्बमवर असतं आणि चार निवडक-संग्रहांवरही. मग दहा गाण्यांच्या अल्बममधली सहा जागेवर बसतात, उरलेली चार भलत्याच संग्रहांत जातात. न बघता सेव्ह केलं तर म्युझिक सर्व्हरवर एकाचे पाच अल्बम दिसतात. उपाय आहे: आधी 'क्लस्टर' (फाइलींचे अल्बमवार गट), मग त्या क्लस्टरवर 'लुकअप' (असलेल्या टॅगवरून शोध), आणि 'प्रिफर्ड रिलीजेस'मध्ये कम्पायलेशनचा, म्हणजे निवडक-संग्रहांचा, पट्टा डावीकडे ओढायचा. त्रास कमी होतो, पण नजर ठेवावीच लागते. हजार अल्बम असतील तर या नजर ठेवण्याचाच कंटाळा येतो, आणि माझ्या लेखी निकाल तिथेच लागला.

बीट्स अख्खा फोल्डर एक अल्बम समजून जुळवतं. साम्य साधारण ९६ टक्क्यांच्या वर असेल तर न विचारता लावतं, नाहीतर थांबून विचारतं. 'सीडी १', 'सीडी २' असे उपफोल्डर एकाच अल्बमचे आहेत हेही त्याला कळतं. मात्र सगळं कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून. पहिल्या इम्पोर्टआधी कॉन्फिग फाइलमध्ये 'मूव्ह: येस' लिहा, मुळात ते फाइलींची प्रत काढतं आणि डिस्क दुप्पट भरते. शिवाय त्याचा स्वतःचा डेटाबेस असतो. टॅग बाहेरून बदलले तर 'बीट अपडेट' ही आज्ञा चालवायची, नाहीतर पुढच्या 'बीट राइट'ला (डेटाबेसमधले टॅग फाइलींत लिहिणारी आज्ञा) जुनी माहिती पुन्हा फाइलीत उतरते.

टॅग नसलेली दोनशे सुटी गाणी एकाच फोल्डरमध्ये कोंबलेली असतील तर मात्र बीट्स गोंधळतं. तिथे पिकार्डचा स्कॅनच हवा.

कुठलंही घ्या, 'अल्बम आर्टिस्ट' (अख्ख्या अल्बमच्या कलाकाराचा टॅग) तपासा. तो रिकामा असेल आणि कम्पायलेशनची खूणही नसेल, तर नॅव्हिड्रोम हा म्युझिक सर्व्हर गाण्याचा कलाकारच अल्बमचा मानतो आणि बारा गायकांचा अल्बम बारा ठिकाणी विखुरू शकतो. एमपी३ जुन्या कार प्लेअरवरही वाजवायच्या असतील तर आयडी३ची (एमपी३मधल्या टॅगच्या मांडणीची) २.३ आवृत्ती निवडा. दोन्हींत मूळ सेटिंग २.४ आहे.

माझा कल बीट्सकडे. माउसची सवय सुटणार नसेल तर पिकार्डही वाईट नाही, फक्त 'स्कॅन' शेवटी. दोन्ही हवी असतील तर सुटी गाणी आधी पिकार्डमधून काढा: त्याने फाइलीत लिहिलेला अल्बमचा आयडी बीट्स इम्पोर्ट करताना वाचतं, म्हणून दुसऱ्यांदा फारशी शोधाशोध पडत नाही.